नववीच्या वर्गात जागतिक नागरिकत्व: सुरुवात हळकुंडापासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात तुम्ही सामाजिक शास्त्रं शिकवता. गेल्या वर्षी शाळेत ‘जागतिक नागरिकत्व सप्ताह’ झाला. मुलांनी देशोदेशीचे झेंडे रंगवले, वेगवेगळ्या देशांचे पोशाख घालून फोटो काढले, नूडल्सचा स्टॉल लावला. मुलं खूश, पालक खूश, पण आत काही पोचलं नाही असं तुम्हाला वाटत राहिलं. यंदा नववीला हे नीट करायचंय. वेगळा तास मिळणार नाही. शिवाय एका पालकांनी विचारलंय, आधी पोरांना आपला देश तर कळू द्या. यावर संशोधन काय म्हणतं आणि वर्गात नेमकं करायचं काय?

सर, मी सांगली जिल्ह्यात बावीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला आणि आता शिक्षकांच्या प्रशिक्षणात आहे. झेंड्यांचे सप्ताह मीही घेतलेत, त्यामुळे तुमची रुखरुख माझ्या ओळखीची आहे. झेंडा रंगवताना मुलाला जपानचा रंग कळतो, पण जपानमधल्या माणसाचा आणि आपला काय संबंध हे कळत नाही. या विषयाचा सगळा जीव त्या संबंधात आहे. तो शोधायला गावातल्या वस्तूपासून, नदीपासून, बाकावर शेजारी बसलेल्या पोरापासून निघावं लागतं, असं माझं अनुभवाअंती मत झालंय.

मुख्याध्यापकांना सांगायला थोडी पार्श्वभूमी लागेल, ती आधी देते. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी शिक्षणाचा एक जागतिक उपक्रम सुरू केला. त्याच्या तीन प्राधान्यांपैकी जागतिक नागरिकत्व हे एक होतं. 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये 4.7 या लक्ष्यात ते आलं आणि त्याच वर्षी युनेस्कोने वयोगटानुसार विषय आणि उद्दिष्टं मांडणारी मार्गदर्शिका काढली. त्यात शिकण्याचे तीन पदर धरलेत: जाणणं, मनाला भिडणं आणि वागण्यात उतरणं. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये याचा नावानिशी उल्लेख आहे, पण तो उच्च शिक्षणाच्या भागात. शाळेसाठी वेगळं पुस्तक नाही आणि ते नसणं मला बरंच वाटतं. नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय समस्या ही प्रकरणं आहेतच. तुम्हाला त्यांच्याच तासिका वापरायच्या आहेत.

संशोधनातल्या दोन गोष्टी मला वर्गात खरोखर उपयोगी पडल्या. पहिली 2004 मधली. वेस्टहायमर आणि केन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या शाळांचे नागरिकत्वाचे कार्यक्रम पाहून विचारलं की या शाळा कोणता नागरिक घडवू पाहतात? त्यांना तीन प्रकार दिसले. एक जण भुकेल्यांसाठी धान्य देतो. दुसरा ते धान्य गोळा करायची मोहीम उभी करतो. तिसरा विचारतो की लोक उपाशी का आहेत, आणि त्या कारणावर काम करू पाहतो. दुसरी गोष्ट 2006 मधली. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या अभ्यासक व्हॅनेसा आंद्रेओत्ती यांनी ‘मवाळ’ आणि ‘चिकित्सक’ असे जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचे दोन मार्ग वेगळे करून दाखवले. मवाळ मार्गावर दूरच्या गरिबाबद्दल कळवळा येतो, मदत केली जाते आणि आपण चांगले आहोत असं समाधान मिळतं. चिकित्सक मार्गावर मूल विचारतं, ही परिस्थिती तयार कशी झाली, तिच्यात माझाही कुठे हात आहे का, आणि ज्याला मदत करायची तो स्वतः काय म्हणतो?

हा फरक पुस्तकात वाचून मला नीट कळला नव्हता. तो 2019 च्या महापुराने शिकवला. ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून कितीतरी वर चढली. पाणी ओसरल्यावर मदतीचे ट्रक आले. आलेल्या माणसांचे उपकार मोठे आहेत, लोक रात्रभर गाडी चालवून आले होते. पण नदीकाठच्या एका गावात मी मुलांना आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा एका मुलाने लिहिलं, “किट घेताना माझ्या आईला पदर सरळ करून परत उभं राहायला सांगितलं, फोटो नीट आला नव्हता.” दुसऱ्या एकीने रस्त्याकडेला चिखलात पडलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगाबद्दल लिहिलं होतं. त्यात लग्नातला एक फाटका कोट होता. तिने खाली प्रश्न लिहिला होता, “आम्हाला काय पाहिजे ते कुणी विचारलं का नाही?”

सर, हा प्रश्न म्हणजेच आंद्रेओत्तींच्या सगळ्या मांडणीचं सार आहे, आणि तो चौदा वर्षांच्या मुलीने विचारला होता. सांगलीच्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे जी लंडनच्या किंवा मुंबईच्या सुखवस्तू शाळेकडे नसते. त्यांनी मदत दिलीही आहे आणि घेतलीही आहे. आफ्रिकेतल्या एखाद्या मुलाचा फोटो दाखवून “यांच्यासाठी आपण काय करू शकतो” असं विचारण्याआधी “पुरात आपला फोटो कुणी काढला तेव्हा कसं वाटलं” हे विचारा. मात्र ज्यांच्या घरचं कुणी गेलं आहे, ज्यांची जनावरं दावणीला बुडाली आहेत, त्यांच्यावर बोलायची सक्ती करू नका. लिहून द्यायचा आणि न वाचायचा पर्याय ठेवा. मी एकदा ही काळजी घेतली नाही आणि एक मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. ती चूक माझी होती.

आता हळकुंड. मी जिथे जाते तिथे हा तास घेते. प्रत्येक मुलाच्या हातात एक हळकुंड द्यायचं आणि विचारायचं, हे इथवर आलं कसं? मुलांना बरंच माहीत असतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण, आठ-नऊ महिन्यांनी काढणी, मग शिजवणं, उन्हात वाळवणं, ड्रममध्ये पॉलिश, मार्केट यार्डात सौदा. मग मी विचारते, सांगली हळदीची एवढी मोठी पेठ कशी झाली? कुणाचे तरी आजोबा हरिपूरच्या पेवांबद्दल बोललेले असतात. जमिनीत खोल खड्डे, त्यात पोत्यांच्या पोती हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली. फळ्यावर साखळी वाढत जाते. शेतकरी, शिजवणारे, अडत्या, हमाल, व्यापारी, निर्यातदार, परदेशातला खरेदीदार. प्रत्येकाला किती मिळतं ते मुलं घरी आणि बाजारात विचारून येतात. तुमच्या वर्गात एखाद्या हमालाचं पोर असेल तर या तासाला त्याच्याइतका जाणकार दुसरा कुणी नसतो, आणि त्याला ते जाणवतं.

दुसऱ्या तासाला पेटंटची गोष्ट. मार्च 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. हे सांगितलं की वर्ग पेटतो. “पण आमची आजी तर कायम लावते!” “चोर आहेत ते!” इथे मी थांबत नाही, कारण इथे थांबलं तर आपण मुलांना फक्त राग दिला. पुढचं सांगते. सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, तेव्हा तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते, या पेटंटला आव्हान दिलं. बत्तीस संदर्भ सादर केले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला 1953 सालचा एक लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. रद्द केलं अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयाने, आणि ज्या दोन संशोधकांच्या नावे ते होतं ते भारतीय वंशाचे होते. इतकं ऐकलं की वर्ग गप्प होतो. ‘आपण’ आणि ‘ते’ अशी आखलेली रेघ पुसट होते. मग मी एकच प्रश्न टाकते. कागदावर लिहिलेलं होतं म्हणून आपण जिंकलो. आजीला जे माहीत आहे पण कुठेच लिहिलेलं नाही, त्याचं काय? एका मुलीने उत्तर दिलं होतं, “मग आजीचं लिहून घ्यायला पाहिजे, पण लिहून घेणाऱ्याने आजीचं नाव घालायला पाहिजे.” पारंपरिक ज्ञानाच्या हक्कांवर जगभर जी चर्चा चालते तिचा गाभा तिने एका वाक्यात आणला होता. 2001 पासून आपल्याकडे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभं राहू लागलं, ही माहिती त्यानंतर सांगितली तर मुलांना ती हवी असते.

तुमचा तालुका द्राक्षांचा आणि बेदाण्याचा आहे, त्यामुळे हाच तास तुम्ही द्राक्षावर घेतलात तर आणखी चांगलं. 2010 मध्ये सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या, अंशावरून युरोपात आपले कंटेनर अडकले होते. त्याची आठवण असलेला बागायतदार पालक तुम्हाला सहज सापडेल, त्यांना वर्गात बोलवा. त्यांच्या हातात रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट असू द्या. मुलांना तो वाचायला द्या आणि मग विचारा, खाणाऱ्याच्या पोटात काय जाईल याची तपासणी इतकी कडक होते, तर फवारणी करणाऱ्याच्या अंगावर काय उडतं याची तपासणी कोण करतं?

आता ज्या प्रसंगाने माझी शिकवण्याची पद्धत बदलली तो सांगते. मी तेव्हा ऊसपट्ट्यातल्या एका शाळेत सहावीला शिकवत होते. युद्धामुळे घरदार सोडावं लागलेल्या मुलांवर मी पाठ घेतला. चित्रं दाखवली, पत्रं लिहून घेतली. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, साधलं. ते दिवस नोव्हेंबरचे होते, कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झालेला. शाळेपासून हाकेच्या अंतरावर बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या होत्या. त्यातली एक मुलगी चार दिवसांपासून माझ्या वर्गात शेवटी बसत होती. त्याच दुपारी पोषण आहाराच्या वेळी पाहिलं तर सगळी मुलं गोल करून बसली होती आणि ती भिंतीकडे तोंड करून एकटी जेवत होती. कुणी तिला हाकललं नव्हतं, पण बोलावलंही नव्हतं. चार दिवस मीही पाहिलं नव्हतं. पत्रं लिहिताना तिने काय लिहिलं म्हणून वही उघडली, तर तिने गावांची नावं लिहिली होती, एकाखाली एक. गेल्या तीन हंगामांत ती जिथे जिथे राहिली ती गावं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढला आणि विचारलं, आपल्या गावातून कोण कुठे जातं आणि आपल्या गावात कोण कुठून येतं? विटा-आटपाडीकडे ज्यांचे नातेवाईक होते त्यांनी गलाईवाल्यांचं सांगितलं. सोनं-चांदी गाळायला काका कोइमतूरला, मामा कोचीला, आणि तिथली चुलत भावंडं सुट्टीत येतात तेव्हा आपसात तमिळ, मल्याळम बोलतात. कुणाचा भाऊ पुण्यात कंपनीत, कुणाचे वडील मिलिटरीत. मग मी त्या मुलीला खडू दिला. तिने तिची गावं दाखवली, वाट दाखवली, उचल म्हणजे आगाऊ पैसे कसे घेतात, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम म्हणजे कोण, हे सांगितलं. माझ्या वर्गात भूगोलाचा त्याहून जिवंत तास झालेला नाही. गोष्ट तिथे गोड होऊन संपली नाही. फेब्रुवारीत टोळी दुसऱ्या उसाच्या फडावर गेली आणि ती पुन्हा दिसली नाही. पण त्यानंतर मी मुलांना आधी आपल्याच शिवारातल्या स्थलांतराचं शिकवते आणि मग जगातलं.

इथे कायद्याची बाजूही सांगून ठेवते, कारण ती शिक्षकांनाच नीट माहीत नसते. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आहे आणि दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आपल्याकडे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. नववीच्या मुलांनी आसपासच्या फडांवर जाऊन किती मुलं शाळेबाहेर आहेत याची नोंद करून ती मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षण कार्यालयाला देणं, यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही. जाताना टोळीच्या मुकादमाशी आणि आईवडिलांशी आधी बोला, फोटो काढू नका.

परदेशी शाळेशी व्हिडिओवर जोडून देण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. जरूर करा, पण पहिल्या वर्षी नको. तयारी नसताना ते “तुम्ही काय खाता, आम्ही काय खातो” यावर येऊन थांबतं, आणि दोन्हीकडची मुलं आपापलं चांगलं तेवढंच दाखवतात. त्याऐवजी अथणी किंवा विजयपूरकडच्या एखाद्या कन्नड शाळेशी पत्रव्यवहार करा. विषय कृष्णेचा घ्या. पूर आला की आपल्याकडे पहिलं नाव कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं निघतं. अलमट्टीच्या फुगवट्याने जुन्या बागलकोट शहराचा बराच भाग पाण्याखाली गेला, हे मात्र आपल्या मुलांना माहीत नसतं. पुराला धरण किती कारणीभूत, अतिवृष्टी किती आणि पूररेषेतली बांधकामं किती, यावर जाणकारांत मतभेद आहेत. ते मतभेद मुलांसमोर तसेच ठेवा. एका गटाला सांगलीच्या गावभागातला दुकानदार करा, एकाला बागलकोटचा विस्थापित, एकाला जतच्या कोरडवाहू भागातला शेतकरी, एकाला कोयनेचं पाणी कधी सोडायचं हे ठरवणारा अधिकारी.

हे पत्रांचं काम आम्ही जत तालुक्यातल्या काही शिक्षकांबरोबर केलं, तेव्हा मला अपेक्षित नव्हतं असं काही घडलं. आलेली पत्रं कन्नडमध्ये होती. वाचणार कोण? वर्गातला एक मुलगा घरी कन्नड बोलायचा आणि त्याच्या मराठीला सगळे हसायचे. तो पुढे आला आणि पत्र वाचून मराठीत सांगू लागला. एका शब्दापाशी तो अडला, म्हणाला, “याला आपल्यात शब्द नाही, मी सांगतो म्हणजे काय ते.” पुढचे दोन महिने पत्र आलं की पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करायची.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही, कारण तो प्रश्न रास्त आहे. त्यांना संविधान उघडून दाखवा. राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अनुच्छेद 51 आहे. आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षिततेला चालना देणं, आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवणं हे त्यात सांगितलंय. मूलभूत कर्तव्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टीबरोबर मानवतावाद आणि शोधक बुद्धी हेही शब्द आहेत. सातारा जिल्ह्याचं उदाहरण द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यातल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली, एका पंगतीला जेवायला बसवली. 1927 मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. एका पंगतीला बसता येणं हे आपल्याकडे किती कष्टाने मिळालंय ते पालकांनाही ठाऊक असतं. माझा अनुभव असा की हळकुंडाचा किंवा नदीचा तास एखाद्या पालकाने मागे बसून पाहिला की हा आक्षेप पुन्हा येत नाही. त्यांना भीती असते की पोरगं गाव विसरेल. इथे तर ते पहिल्यांदा गाव नीट बघतं.

शेवटचा मुद्दा मोजमापाचा. तुम्ही यावर कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातला छोटा अभ्यास, करणार म्हणालात. आपल्याकडच्या कृतिसंशोधनांत एक दोष वारंवार दिसतो. “सर्व देशांचे लोक समान आहेत असे तुम्हाला वाटते का? होय/नाही” असा तक्ता देतात, जवळजवळ सगळी मुलं ‘होय’ लिहितात आणि अहवालात लक्षणीय वाढ दाखवली जाते. शिक्षकाला काय हवंय ते मुलाला कळतं आणि ते तो देतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. 2018 च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ‘जागतिक क्षमता’ मोजायचा प्रयत्न झाला, तिथेही मुलांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर किती विसंबायचं हा प्रश्न उरलाच. तुम्ही साधं करा. जूनमध्ये एक बातमी द्या, समजा परराज्यातल्या मजुरांबद्दलची. तीनच प्रश्न विचारा: इथे काय घडलंय, का घडलं असेल, अजून कुणाचं म्हणणं ऐकायला हवं? फेब्रुवारीत तशीच पण वेगळी बातमी द्या, प्रश्न तेच ठेवा. दोन्ही गठ्ठे नाव आणि तारीख झाकून शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला वाचायला द्या. कारणं एकाची दोन-तीन झालीत का, तिसऱ्या प्रश्नात नवी माणसं आलीत का, हे त्यांना टिपायला सांगा. याखेरीज एक वही ठेवा आणि दर आठवड्याला मधल्या सुट्टीत कोण कुणाबरोबर जेवतं ते नोंदवा. मुलांना याबद्दल काही सांगू नका. माझा या वहीवर सगळ्यांत जास्त भरवसा आहे.

वर्षाला चार विषय पुरेत. तुमच्याकडे द्राक्षाची छाटणी आणि फडांचा हंगाम जवळजवळ एकाच वेळी सुरू होतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केलीत तर साहित्य दारातच असेल. हळकुंडाचा तास घेणार असाल तर बाजारातून दोन्ही प्रकारची आणा, पॉलिश केलेली आणि न केलेली. एका बाकावर एक-एक द्या. मुलं ती शेजारीशेजारी ठेवतात, नखाने खरवडतात, वास घेतात, आणि कुणीतरी विचारतंच, “मॅडम, हे वरचं कुणी घासलं?” त्या प्रश्नाची वाट बघा. तुम्ही आधी बोलू नका.